आतमंदी कोनी हाय का?

अकोटच्या कापसाच्या जिनात मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी कोणीतरी माझं मनगट असं पकडलं, की घड्याळाचा पट्टा तुटला. मनगट सुटल्यावर पाहिलं तर समोर डोळ्यांत सुरमा, कलप लावलेल्या मिशा, कोटाच्या वरच्या खिशात अत्तराचा फाया आणि डोक्याला लाल रुमाल बांधलेला एक गृहस्थ. चेहऱ्यावर राग म्हणाल तर राग, भीती म्हणाल तर भीती.

झालं असं होतं. मी अमरावतीहून बी.कॉम. होऊन, नवे बूट घालून, कापसाच्या या कारखान्यात मॅनेजर म्हणून आलो होतो. मालक मला इंजिनघर दाखवत होते. इंजिन बंद होतं. ते सुरू करायचं एक लहानसं पितळी चाक होतं आणि त्या चाकाच्या आडवी एक लोखंडी दांडी. दांडीला आकडे आणि आकड्यांना टोप्या. पांढऱ्या, काळ्या, एक जाळीची, एक विटका फेटा, आणि बायका पाटी उचलताना डोक्यावर ठेवतात त्या कापडी चुंबळी. कारखान्यात शिस्त आणायची, असा निश्चय मी यष्टीतच केला होता. म्हटलं, इथूनच सुरुवात करावी. "हे काय धोब्याचं दुकान मांडलंय," असं म्हणत मी कडेच्या टोपीला हात घातला.

"हात लावू नोका!" मनगट धरणारे ते गृहस्थ म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, जणू मी आजारी माणसाच्या खोलीत गोंगाट केला होता, "आतमंदी मानूस हाय."

मी मालकांकडे पाहिलं. मालक आढ्याकडे पाहत होते. मालकच जिथे आढ्याकडे पाहतात तिथे मॅनेजरनं कुठे पाहायचं असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

ही माझी आणि गफूर मिस्त्रींची पहिली भेट.

मिस्त्री मूळचे अमरावतीचेच. पण मी त्यांच्या गावचा, याचं त्यांना काडीचंही कौतुक नव्हतं. उलट, "अमरावतीचा मानूस दोनच प्रकारचा. एक मी, आन् एक बाकीचे," असं ते चारचौघांत सांगायचे. स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं होतं. जगातल्या कोणत्याही इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगता येतं, हा त्यांचा दावा; आणि तो बराचसा खोटा होता. माझ्यादेखत त्यांनी एकदा पंप कुरकुरतो म्हणून अख्खा पंप उकलला आणि कुरकुरत होती ती शेजारची खिडकी निघाली. पण तेव्हाही ते शरमले नाहीत. "खिडकीनं मले फसवलं," एवढंच म्हणाले, आणि खिडकीला तेल घालून आले.

दुसरी त्यांची हौस टोपीची. काळी मखमलीची टोपी, तिच्यावर धुळीचा कण चालायचा नाही. ती दांडीवर लटकवायची वेळ आली, की दुसऱ्याच क्षणी खिशातून लाल रुमाल निघायचा आणि डोक्याला बांधला जायचा. मधल्या क्षणात त्यांचं डोकं कोणी पाहिलं नव्हतं. टोपीखाली काय आहे यावर जिनात पैजा लागायच्या.

आता त्या टोप्यांचं सांगतो. आमच्या कारखान्यात एक मोठं ऑइल इंजिन, त्याच्यापासून निघालेला एक लांबलचक शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणारे दोन्ही बाजूंचे रेचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. रेच्यांसमोर बायका बसायच्या आणि हातानं कापूस लावायच्या. इंजिनघर भिंतीपलीकडे. इंजिनापाशी उभ्या माणसाला रेचे दिसत नाहीत आणि रेच्यापाशी बसलेल्या बाईला इंजिन दिसत नाही. मालकांच्या वडिलांनी जिन सुरू केला तेव्हा रेचे मोजके होते आणि मिस्त्री एकच. तोच इंजिन थांबवायचा, तोच आत जाऊन रेचे साफ करायचा, तोच बाहेर येऊन इंजिन सुरू करायचा. आपला आपल्याला धोका कसला? पुढे रेचे वाढले, फिटर वाढले, साफसफाईला बायका लागल्या; एकाच वेळी चार जण चार ठिकाणी हात घालू लागले. पण रीत तीच राहिली. आतून कोणीतरी ओरडायचं, "झालं, चालू करा!" आणि इंजिन चालू व्हायचं.

"मॅनेजरसाब," मिस्त्री मला म्हणायचे, "इंजनाले कान एकच. आन् तोंडं हे येवढी. कोनाचं आयकन ते?"

एका हंगामात, मी यायच्या आधी, आतून एका फिटरचं काम झालं आणि तो ओरडला. मिस्त्रींनी चाक फिरवलं. त्या फिटरचं काम झालं होतं हे खरंच होतं. पण पलीकडच्या रेच्याच्या रुळाखालची गुठळी सोनाबाई नावाची बाई काढत होती, तिचं झालं नव्हतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हे मला मिस्त्रींनी स्वतः सांगितलं, एकदाच. सांगताना ते एरवीसारखे मिशीला हात लावत नव्हते, म्हणून मला ते पक्कं आठवतं. "त्यानं खोटं सांगतलं नाई," ते म्हणाले. "मी बी खोटं आयकलं नाई. तरी बोटं गेलेच ना. मंग चूक कोनाची? रीतची चूक. पन चाक तं म्याच फिरवलं."

त्यानंतर त्यांनी ती दांडी लोहाराकडून घडवून आणली. आत जाणाऱ्यानं आधी आपल्या डोक्यावरचं इथे लटकवायचं. बाहेर आल्यावर ज्याचं त्यानं काढायचं. दांडीवर एकही टोपी असली तर चाकाला हात लागायचा नाही. मी विचारलं, टोपीच का? पत्र्याचे बिल्ले केले असते तरी चाललं असतं. मिस्त्रींनी माझ्या बी.कॉम.ची कीव केली. "बिल्ला मानूस खिशात घालून घरी जाते. नाई तं दुसऱ्याचा उचलते. पन साब, टोपीबिगर बजारातून कोन जाईन? लोक इचारतीन ना, घरी कोन मेलं म्हनून. आन् दुसऱ्याच्या टोपीले हात लावाची कोनाची शामत?" हे मात्र बरोबर होतं. आमच्याकडे माणूस कर्ज विसरेल, बायकोचं नाव विसरेल, पण बोडक्या डोक्यानं वेशीबाहेर पडणार नाही. आणि बायांचं तर चुंबळीवाचून पाटीच उचलली जात नाही.

शिवाय सगळ्या टोप्या निघाल्यावरही मिस्त्रींचं समाधान व्हायचं नाही. चाकावर हात ठेवून, भिंतीतल्या झरोक्याकडे तोंड करून ते ओरडायचे, "आतमंदी कोनी हाय का?" एकदा ओरडून थांबायचे. कान देऊन ऐकायचे. उत्तर आलं नाही की चाक फिरवायचे. मी त्यांना म्हटलं, "अहो मिस्त्री, टोप्या निघाल्या ना? मग ही आरोळी कशाला?" ते म्हणाले, "टोपी तुमच्या समाधानाले. आरोळी माह्या."

एवढी चांगली रीत म्हटल्यावर ती बिनतक्रार चालली असेल असं कोणाला वाटेल. छे! आमचा पुंडलिक नावाचा, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला होता. एक दिवस दुपारी त्याच्या भाच्याचं तेल्हाऱ्याला लग्न. पठ्ठ्यानं लग्नासाठी कोरी टोपी आणली होती. ती घातली आणि गेला. जुनी राहिली दांडीवर. दुपारची सुट्टी संपली, बाया येऊन बसल्या, बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, आणि इंजिन बंद. मिस्त्रींनी एका फिटरला सायकल देऊन तेल्हाऱ्याला पिटाळलं. मालक आले. "अरे, तो लग्नाला गेलाय हे अख्ख्या गावाला माहीत आहे!" असं म्हणत ते टोपी काढायला पुढे झाले. मिस्त्री शांतपणे दांडीसमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"मालक, जिन तुमचा. इंजन तुमचं. मी बी तुमचाच. पन टोपी पुंडलिकची हाय."

"आणि माझं नुकसान कोणाचं?"

"ते तुमचंच," मिस्त्री म्हणाले.

पुंडलिकला पंगतीतून उठवून आणलं. बोटांना बुंदी चिकटलेली, कपाळावर अक्षता. लग्नघरी बातमी अशी पसरली होती, की याला पोलिसांनी नेलं. त्यानं जुनी टोपी काढली, इंजिन सुरू झालं, आणि मालक माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मिस्त्रींशी बोलले, कारण मिस्त्रींशिवाय इंजिन चालत नव्हतं. माझ्याशिवाय सगळंच चालत होतं.

पण मालकांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. एका रेच्यात बोट घालायचं म्हणून सगळ्या कारखान्यानं का थांबावं? मिस्त्रींनी हे मनावर घेतलं, म्हणजे आधी महिनाभर रुसले आणि मग घेतलं. प्रत्येक रेच्याचा पट्टा बाजूच्या रिकाम्या कप्पीवर सरकवला, की तेवढा एक रेचा थांबतो आणि बाकीचे फिरत राहतात. तो पट्टा सरकवण्याच्या दांड्याला त्यांनी आकडा बसवला. ज्या रेच्यात हात घालायचा त्याच्याच आकड्याला टोपी. इंजिनाची मोठी दांडी राहिली फक्त इंजिनाच्या किंवा शाफ्टच्या कामासाठी. काम वाढलं, मालक हसू लागले, आणि मिस्त्रींनी स्वतःला नवी मखमली टोपी भेट दिली.

आठच दिवसांत एक गंमत झाली. शेजारशेजारच्या दोन रेच्यांमधलं काम असलं, तर दोन्हींना टोपी लावायची असं त्यांनी ठरवून दिलं होतं. म्हणून फिटर एक टोपी एकाला लावायचा आणि गळ्यातला रुमाल दुसऱ्याला. एका सकाळी रामराव फिटर अलीकडच्या रेच्याला टोपी लावून पलीकडचा रिकामा व्हायची वाट पाहत बसला. दुसरा फिटर युसूफ पलीकडच्याला टोपी लावून अलीकडचा रिकामा व्हायची वाट पाहत बसला. दुसऱ्याच्या टोपीला हात लावायचा नाही, हे तर दोघांनाही पाठ. दोघंही सभ्य. मी गेलो तेव्हा दोघं समोरासमोर बसून बिड्या ओढत होते आणि दोन्ही रेचे थंड होते. "काय चाललंय?" "वाट पाहून राह्यलो, साब." "कोणाची?" दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मिस्त्रींना बोलावलं. ते कपाळावर हात मारून स्वतःवरच हसले. "गफूर, तू निरा गध्धा," असं त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःला सांगितलं, आणि नियम केला: दरवाजाकडच्या रेच्याला आधी टोपी, मग आतल्याला, उलट कधी नाही. पुन्हा असं झालं नाही.

हे सगळं मी आज लिहायला बसलो त्याला कारण माझी भाची. ती पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. दिवाळीला अमरावतीला आली होती, चेहरा ओढलेला. काय काम करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मामा, तुला कंटाळा येईल." मी म्हटलं, मी पेन्शनर आहे, कंटाळा हाच माझा धंदा. मग तिनं सांगितलं. कॉम्प्युटरची एक भाषा असते आणि ती भाषा चालवणारा एक आतला कारभार असतो. तो बनवला तेव्हा गृहीत असं, की एका वेळी एकच काम आत असणार. आता एकदम अनेक कामं आत शिरतात, एक जण एखादी वस्तू हाताळत असतो तोवर दुसरा ती बदलून टाकतो आणि सगळं कोसळतं. म्हणून आधीच्या लोकांनी एकच मोठं कुलूप लावून ठेवलं होतं. ते ज्याच्या हाती तो आत, बाकीचे बाहेर. आता ते काढून जागोजाग लहान कुलपं बसवायचं काम तिच्याकडे आलं आहे.

"मग दोघं एकमेकांची वाट पाहत बसत असतील," मी म्हणालो.

तिनं हातातली चकली खाली ठेवली. "मामा, तुला कसं माहीत?"

म्हटलं, "माझ्यासमोर बसले होते. बिड्या ओढत."

तर आता सोनाबाई. बोटं गेली त्याच्या पुढच्या हंगामाला ती पुन्हा कामावर आली. तोपर्यंत तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता, मुलगा शाळेत घातला होता, आणि त्याला शिकवायचं तर जिन सोडून चालणार नव्हतं. तीन बोटांच्या हातानं ती पाच बोटांच्या बायांइतका कापूस लावायची. दांडीवर पहिली चुंबळ कायम तिची. मिस्त्रींची रीत तिनं पहिल्या दिवसापासून पाळली. पण मिस्त्रींशी एक शब्द बोलली नाही. भांडण नाही, शिवी नाही, रागाचा कटाक्षही नाही. समोर मिस्त्री उभे असले तरी ती शेजारणीला सांगायची, "त्या मिस्त्रीले म्हना, पट्टा ढिला झाला." मिस्त्री पट्टा आवळायचे आणि शेजारणीलाच सांगायचे, "तिले म्हना, झाला." असं किती हंगाम चाललं असेल.

मिस्त्री बोलघेवडा माणूस. दगडाशी बोलतील. त्यांना ही एक गोष्ट आतून कुरतडायची. ईदला ते शीरखुर्म्याचं भांडं माझ्याकडे द्यायचे. "साब, तुमच्या हातानं सोनाबाईले देजा. माह्या हातचं घेनार नाई." मी नेऊन द्यायचो. ती घ्यायची. दुसऱ्या दिवशी भांडं लख्ख घासून परत यायचं, आणि रिकामं कधी नाही; त्यात तुरीच्या शेंगा असायच्या, नाही तर बोरं. मिस्त्री भांड्यात डोकावायचे आणि मला विचारायचे, "काही बोल्ली?" मी नाही म्हणायचो. मग ते एकेक बोर खात बसायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, भांडं भरून येतं, हे बोलणंच नाही का?" ते म्हणाले, "नाई साब. ते रिवाज हाय. ती रिवाज पाळते. मले तं तिनं शिवी देल्ली असती तरी चाल्लं असतं." मला त्यांची फार दया आली. आणि तिचंही काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. हंगाम ऐन भरात, फाटकाबाहेर गाड्यांची रांग तेल्हारा रोडपर्यंत. सकाळपासून इंजिनाचा आवाज जरा जड येतो म्हणून दुपारच्या सुट्टीत मिस्त्रींनी टोपी मोठ्या दांडीला लावली, रुमाल बांधला आणि इंजिनाखाली शिरले. थोड्या वेळानं बाहेर आले, पाणी मागितलं, आणि पाणी यायच्या आत भिंतीला टेकून खाली घसरले. शुद्ध नव्हती. मालकांनी स्वतःची मोटार काढली आणि त्यांना अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

त्या धावपळीत त्या दिवशीचं काम बुडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर आले आणि इंजिनघराच्या दारात थबकले. दांडीवर एकच टोपी. काळी, मखमलीची.

रामरावनं इंजिन वरून खालून पाहिलं. झाकणं जागच्या जागी होती. "सर्व ठीक दिसून राह्यलं," तो म्हणाला. सगळ्यांना माहीत होतं, की टोपीचा मालक अकोल्याला खाटेवर आहे, आत नाही. बाहेर गाडीवाले ओरडत होते. मालक आले, टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता काय करायचं?" असं त्यांनी विचारलं. पुंडलिकच्या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं, की टोपी काढावी, हळूच घडी घालून कपाटात ठेवावी आणि काम सुरू करावं. आजाऱ्याची टोपी ती, तिच्यासाठी शंभर लोकांचा रोज का बुडवावा? रामरावही होकाराची मान हलवायच्या बेतात होता.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सोनाबाई पुढे आली आणि दांडीसमोर उभी राहिली. "त्याले इचारा," ती म्हणाली. "टोपी लावली तं कायले लावली, ते इचारा."

"अहो, त्यांना शुद्ध नाही," मी म्हणालो.

"येईन तवा इचारा."

मालकांनी मान डोलावली आणि गाड्या परत पाठवल्या. मी यष्टीनं अकोल्याला गेलो.

दवाखान्यात मिस्त्रींना पाहिलं. डोकं उघडं होतं. मधोमध गुळगुळीत टक्कल, कडेला पांढरे केस. ज्यावर आम्ही पैजा लावल्या होत्या ते हे. ते असं कोणालाही दिसावं अशा जागी उघडं पडलं होतं, याचं मला इतकं वाईट वाटलं, की मी आधी तोंड फिरवलं. उशाशी त्यांची बायको बसली होती. म्हणाली, "रातभर एकच लावलं यानं, बाबू. आतमंदी कोनी हाय का, आतमंदी कोनी हाय का. घरात आम्ही हिंदी बोलतो. पन हे बोलनं त्याचं मराठीतच. अन् आजचं नाई हे. किती बरसं झाले, झोपेत असाच उठून बसते अन् इचारते. मी म्हनते, कोई नहीं है, सो जाओ. त्याले पटत नाई."

संध्याकाळच्या सुमाराला मिस्त्रींनी डोळे उघडले. मला ओळखलं. पहिला प्रश्न, "इंजन चालू केलं?"

"नाही. तुमची टोपी आहे."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की नर्सनं वळून पाहिलं. मग थांबत थांबत सांगितलं. मोठ्या चाकाच्या बेरिंगचे खालचे बोल्ट त्यांनी सोडले होते. परत लावले ते नुसते हातानं, पाना लावून आवळायचे राहिले होते. वरून झाकण लावलं की दिसत नाहीत. इंजिन सुरू झालं असतं, तर ते हत्तीएवढं चाक जागेवरून सुटलं असतं, आणि समोर रामराव उभा असता.

मी म्हटलं, "रामरावला सांगतो, तो आवळेल. पण मिस्त्री, टोपी?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा ग्लानी आली. मग डोळे मिटूनच म्हणाले, "सोनाबाईले सांगजा. तिनं काढावी. तिची मर्जी असन तं."

मी रात्रीच अकोटला आलो. सकाळी रामरावनं झाकण काढलं, बोल्ट पाहिले; ते बोटानं फिरत होते. त्यानं ते आवळले, पुन्हा पुन्हा पाना लावून पाहिले. मी सोनाबाईला निरोप सांगितला. ती नळावर जाऊन हात धुऊन आली. मग झरोक्याशी न थांबता ती आत गेली, प्रत्येक रेच्याखाली वाकून पाहिलं, इंजिनाखालीही पाहिलं, आणि बाहेर येऊन त्या तीन बोटांच्या हातानं मिस्त्रींची टोपी आकड्यावरून काढली. तिच्यावर बसलेली रुई फुंकर मारून उडवली आणि टोपी पदरात घेतली.

रामराव चाकाकडे वळला. "थांब," सोनाबाई म्हणाली. "त्याच्या डोस्क्यावर गेल्याबिगर इंजन लावाचं नाई. मले यष्टीत बसवून द्या."

मालक म्हणाले, "मॅनेजर, तुम्ही बरोबर जा. पोहोचलात की ट्रंक कॉल करा." हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही, कारण ट्रंक कॉलच्या पैशांवरून ते एकदा सख्ख्या जावयाशी भांडले होते.

यष्टीत सगळा वेळ ती टोपी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. कंडक्टरनं सामान वर ठेवा म्हटलं तर तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दवाखान्यात गेलो तेव्हा मिस्त्री पुन्हा अर्धवट ग्लानीत होते. ओठ हलत होते. तेच चाललं होतं. "आतमंदी... कोनी हाय का?" आणि मग थांबायचे, ऐकल्यासारखे.

सोनाबाई खाटेशी गेली. बायकोनं त्यांचं डोकं जरा उचललं आणि हिनं टोपी घातली, कपाळावर नीट बसवली.

"कोनी नाई, मिस्त्री," ती म्हणाली. "म्या सोता पाह्यलं. आतमंदी कोनी नाई."

मिस्त्रींनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी फक्त हात वर करून टोपी चाचपली, आणि मग पुष्कळ वेळानं झोपी गेले. ओठ हलायचे थांबले होते. त्यानंतर आठवडाभरही ते राहिले नाहीत, पण त्यांची बायको मला नंतर म्हणाली, की त्या झोपेनंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

टोपी घातली त्याच दिवशी मी पोस्टात जाऊन अकोटला ट्रंक कॉल लावला. तिकडे फोन मालकांनीच उचलला.

"टोपी डोक्यावर गेली," मी म्हणालो. "चालू करा."

"थांबा," मालक म्हणाले. त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कॉलचे पैसे पडत होते. आणि मग दुरून, इंजिनघराच्या बाजूनं, त्यांचा आवाज ऐकू आला. घरी-दारी शुद्ध बोलणारे आमचे मालक गळा काढून ओरडत होते, "आतमंदी कोनी हाय का?"

मी रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. कोणीच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.